साथीचा पैसा साथीआधी

साथ आली की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘रोगराईत राजकारण नको’ हे एक, आणि ‘सरकारला कोरा चेक देता येणार नाही’ हे दुसरं. पहिलं सत्तेत बसलेला म्हणतो, दुसरं विरोधात बसलेला. निवडणूक झाली, खुर्च्या बदलल्या की वाक्यांचीही अदलाबदल होते. विधानभवनाच्या पायऱ्यांवर हेच, टीव्हीवर हेच, आणि बीडच्या बसस्टँडसमोर चहा पिताना मित्रमंडळींतही हेच. वाद तापतो पण पुढे सरकत नाही, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: पैसा मागायचा तो साथ आल्यावरच. माझा आक्षेप तिथेच आहे.

साथीसाठीचा पैसा साथ येण्याआधी मंजूर असायला हवा. किती रक्कम, कोणत्या खुणेवर ती मोकळी होईल, सही कुणाची, हिशेब किती दिवसांत आणि कुणापुढे, हे सगळं विधिमंडळाने शांत दिवसांत, हवं तेवढं भांडून, कायद्यात लिहून ठेवावं. साथ आल्यावर मग कुणी कुणाची परवानगी शोधत फिरू नये. सभागृहाचा अधिकार काढून घ्या असं मी म्हणत नाही. तो ज्या वेळी वापरला जातो ती वेळ चुकीची आहे, एवढंच म्हणतो.

ती किती चुकीची असू शकते हे पाहायचं तर २०१६ सालच्या वॉशिंग्टनकडे बघावं. १ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने झिका विषाणूच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येत होती आणि संशय झिकावर होता. ८ फेब्रुवारीला ओबामा प्रशासनाने जाहीर केलं की आम्ही काँग्रेसकडे (तिथल्या संसदेकडे, आपल्या पक्षाकडे नव्हे) सुमारे १८० कोटी डॉलर मागणार आहोत. मागणी साधी होती: डास मारायला, लस शोधायला, चाचण्या वाढवायला. रिपब्लिकन बाजूचं म्हणणं असं की इबोलासाठी दिलेला पैसा अजून शिल्लक आहे, आधी तो संपवा. एप्रिलमध्ये प्रशासनाने ५८.९ कोटी डॉलर इकडून तिकडे फिरवले, त्यातला मोठा वाटा इबोलाच्या खात्यातला. मे महिन्यात सिनेटने ११० कोटी मंजूर केले, तर कनिष्ठ सभागृहाने ६२.२ कोटी, तेही दुसरीकडचा खर्च कापून. जूनमध्ये दोन्हींचा मेळ घालणारं विधेयक आलं, तेव्हा त्याला भलतीच शेपटं लागलेली होती. कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या एका संस्थेला प्वेर्तो रिकोत पैसा मिळू नये अशी सोय त्यात होती, कीटकनाशक फवारणीवरचे पर्यावरणाचे नियम सैल केले होते, आणि माजी सैनिकांच्या दफनभूमीत यादवी युद्धातल्या दक्षिणेचा झेंडा फडकवण्यावरचं बंधनही निघत होतं. डेमोक्रॅटांनी ते सिनेटमध्ये अडवलं. जुलैच्या मध्यात काँग्रेस सात आठवड्यांच्या सुट्टीवर गेली. २९ जुलैला फ्लोरिडात मायामीच्या एका वस्तीतच डासांमार्फत झिका पसरत असल्याचं जाहीर झालं. पैसा अखेर सप्टेंबरच्या शेवटी मंजूर झाला, ११० कोटी. मागणी जाहीर झाल्यापासून २३३ दिवस गेले होते.

झिकाचा डास तोच जो आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो, एडिस. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. या प्राण्याला सुट्टी नसते, अधिवेशनही नसतं.

आता या कहाणीवरून ‘राजकारण्यांनी वाट लावली’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि बहुतेकांनी तेच केलं. मला ते पटत नाही. त्या विधेयकाला लागलेली सगळी शेपटं सारखी नव्हती. झिका लैंगिक संबंधांतूनही पसरतो आणि धोका गर्भाला असतो. तेव्हा गर्भनिरोधनाची सेवा कुणी द्यायची हा प्रश्न साथीच्या पोटातलाच होता, त्यावर भांडण होणं रास्त होतं. झेंड्याचा प्रश्न मात्र तिथे घुसवलेला होता. ‘राजकारण नको’ म्हणणारा या दोहोंत फरकच करत नाही. लोकांच्या पैशाचं काय करायचं यावर मतभेद असणं म्हणजेच राजकारण, आणि ते नको असेल तर विधिमंडळ कशाला हवं? खोट अशी की झेंडा घुसवणाऱ्याच्या हाती त्या दिवसांत एक वेठीला धरता येण्याजोगी वस्तू होती. गर्भार बाया वाट पाहत होत्या, म्हणून त्या विधेयकाला भाव होता. हाच पैसा आधीच्या वर्षी, कुणी घाबरलेलं नसताना, कायमच्या तरतुदीत बसवला असता तर त्याला कुणी कसलं शेपूट बांधलं असतं?

पैसा अडला की आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो थांबत नाही, आडवाटेने जातो. अमेरिकेत त्या उन्हाळ्यात झिकासाठी जी ओढाताण झाली, तिच्यात राज्यांच्या आणि स्थानिक आरोग्य खात्यांच्या आपत्कालीन तयारीचेच ४.४ कोटी डॉलर काढून घेतले गेले. म्हणजे पुढच्या साथीची तयारी मोडून चालू साथ भागवली. आपल्या जिल्हा परिषदेतल्या कुठल्याही जुन्या लेखाधिकाऱ्याला हे सांगा, तो हसेल. ‘पुनर्विनियोजन’ या नावाने तो हेच आयुष्यभर करत आलेला असतो.

मग एखादा विचारेल, २०२० मध्ये काय झालं? करोनासाठी त्याच काँग्रेसने ८३० कोटी डॉलर दोन आठवड्यांच्या आत दिले. प्रशासनाने २५० कोटींची योजना २४ फेब्रुवारीला मांडली, आणि तिच्या तिपटीहून मोठ्या कायद्यावर ६ मार्चला सही झाली. गोष्ट खरी. पण तिचा अर्थ काय? सभागृह स्वतः घाबरलं की धावतं. झिकाचा सगळ्यात मोठा मारा प्वेर्तो रिकोवर होता, आणि प्वेर्तो रिकोला काँग्रेसमध्ये मताचा अधिकार असलेला एकही सदस्य नाही. साथीचा पैसा जर भीतीच्या हिशेबाने वाटला जाणार असेल, तर ज्यांची भीती राजधानीपर्यंत ऐकू जात नाही त्यांच्या वाट्याला तो उशिराच येणार.

मराठवाड्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. १९९४ चा प्लेग म्हटला की देशाला सुरत आठवतं. सुरतेच्या आधी, त्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो निघाला होता. गावकऱ्यांनी आधी पिसवांची तक्रार केली होती, उंदीर मरून पडत होते. मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. वर्षभरापूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झालेला. भीतीने सोडलेली घरं आणि साठवलेलं धान्य यांनी उंदीर माजले, असं अभ्यासकांनी मांडलं. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता, म्हणून पाळतीची यंत्रणा हळूहळू पातळ होत गेली होती. जो रोग दिसत नाही त्याच्यावर खर्च कशाला, हा हिशेब कुठल्याही वित्त विभागाला पटतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला, लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमानं बंद केली, माल नाकारला. तेव्हा कुठे दिल्ली खडबडली. आणि या धक्क्यानंतरही रोगांवर सलग पाळत ठेवणारा एकात्मिक कार्यक्रम देशात सुरू व्हायला २००४ साल उजाडलं. दहा वर्षं. मामल्याच्या पिसवा मारायला किती खर्च आला असता?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की अमेरिकेचं दुखणं आपल्याला लावू नका. आपल्याकडे सरकारचं बहुमत असतं, पुरवणी मागण्या गोंधळात का होईना मिनिटांत मंजूर होतात, अधिवेशन नसेल तर राज्यघटनेच्या २६७व्या कलमाखालचा आकस्मिकता निधी आहे, त्यातून उचल घ्यायची आणि पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणीने भरून काढायची. हा या लेखावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. आपलं विधिमंडळ पैशासाठी अडून बसत नाही. आपल्याकडे अडतं ते सभागृहाबाहेर, जिथे मतदान होत नाही आणि कामकाजाची नोंदही राहत नाही.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही वेगवेगळ्या सरकारांच्या काळातली. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. करोनाची पहिली लाट चढत होती तेव्हा. आरोग्यासह सगळ्या क्षेत्रांतला अनुशेष मोजणारं हे मंडळ. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात सांगितलं की राज्यपाल विधान परिषदेच्या १२ सदस्यांची नावं मंजूर करतील, तेव्हा आम्ही मंडळं जाहीर करू. राज्यपाल कोश्यारी ती नावं दाबून बसले होते, ही सरकारची तक्रार खोटी नव्हती. पण बारा आमदारांचा आणि परभणी-हिंगोलीच्या अनुशेषाचा संबंध काय? वॉशिंग्टनमधल्या झेंड्याचा आणि झिकाचा होता तेवढाच. दुसरं उदाहरण २०२२ चं. सरकार बदललं, आणि १ एप्रिलनंतर जिल्हा नियोजन समित्यांनी मंजूर केलेल्या कामांना नव्या सरकारने जुलैमध्ये स्थगिती दिली. नवे पालकमंत्री नेमले गेले सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. जुलै ते सप्टेंबर हे आमच्याकडे डेंग्यूचे महिने आहेत. त्या स्थगितीने अमुक इतकी माणसं आजारी पडली असा दावा मी करत नाही. जिल्ह्याचा हाताशी असलेला पैसा एका फटक्यात, सभागृहात एक शब्दही न उमटता, तीन महिने गोठवता येतो, हे मला दाखवायचं आहे. त्यात भर म्हणजे औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे प्रशासकच कारभार पाहत होता. म्हणजे वॉर्डात डास झालेत म्हणून कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं, तो नगरसेवकही नव्हता.

हे खाली कसं दिसतं? लातूरच्या एखाद्या जुन्या गल्लीत पावसाळ्यात जाऊन बघा. नळाला पाणी कित्येक दिवसांनी, म्हणून प्रत्येक दारात निळे दोनशे लिटरचे ड्रम, आत सिमेंटचा हौद, माळवदावर टाकी. आशाताई बॅटरी मारून ड्रममध्ये वाकून बघते, अळ्या वळवळताना दिसल्या की टेमिफॉस या अळीनाशकाचे थेंब टाकते, वहीत ‘कंटेनर दूषित’ म्हणून रेघ ओढते. घरची बाई पाणी ओतू देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. दुष्काळ आणि डेंग्यू आमच्याकडे एकाच ड्रममध्ये राहतात. औषध संपलं की आशाताई आरोग्य केंद्राला सांगते, केंद्र तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, तालुका जिल्ह्याला. जिल्ह्यात हेडला (त्या खर्चाच्या लेखाशीर्षाला) तरतूद आहे का बघायचं, असली तर ती बीडीएसवर (सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) आली आहे का बघायचं, आली असली तर खरेदीची प्रशासकीय मान्यता. गावाच्या आरोग्य समितीला मिळणारा अबंधित निधी निकषाप्रमाणे वर्षाला १०,००० रुपये. धुरळणी यंत्राच्या डिझेललाच तो पुरतो की नाही, तुम्हीच ठरवा.

आणि तरीही याच जिल्ह्यात, याच कार्यालयांत, पैसा चोवीस तासांत सुटतानाही मी पाहतो. गारपीट झाली, वीज पडून बैल मेला, नदीला पूर आला, की तलाठी पंचनामा करतो आणि दर ठरलेले असतात. कारण राज्य आपत्ती प्रतिसाद निधी नावाचं खातं आहे, त्याची यादी आहे, आणि यादीतल्या संकटाला कुणाला पटवत बसावं लागत नाही. करोना आला तेव्हा या यादीत बारा आपत्ती होत्या. दुष्काळ, पूर, भूकंप, गारपीट, थंडीची लाट, अगदी पिकांवरची कीडसुद्धा. माणसांवरची साथ नव्हती. १४ मार्च २०२० ला केंद्राने करोनाला ‘एक वेळची विशेष बाब’ म्हणून या निधीची दारं उघडली, म्हणजे पुढच्या विषाणूला पुन्हा दारात उभं राहायचं आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी पडल्या, सरकारने त्या नुकसानीची मदत दिली, आणि दिली ते चांगलंच केलं. पण गोगलगायीने खाल्लेल्या सोयाबीनला वाट सापडते आणि डेंग्यूने तापलेल्या पोराला सापडत नाही, याला कुठलं तर्कशास्त्र म्हणायचं?

साथीबद्दल आपला कायदा काय सांगतो तेही बघण्यासारखं आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमधून जन्मला, ४ फेब्रुवारीला लागू झाला, आणि त्याच वर्षी पुण्यात रँडच्या वधापर्यंत प्रकरण गेलं. (मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो आपला कायदाच नव्हता.) रेल्वेत माणसं तपासण्याचे, लोकांना वेगळं ठेवण्याचे अधिकार त्यात आहेत. पैशाबद्दल एवढंच, की झालेला खर्च कुणी आणि कसा सोसायचा ते सरकार ठरवू शकेल. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा लावला. सव्वाशे वर्षांत साथीच्या वेळी माणसाला अडवण्याची तरतूद तयार आहे, त्याला वाचवण्याच्या पैशाची मात्र प्रत्येक वेळी नव्याने जुळवाजुळव.

आता कोऱ्या चेकचा मुद्दा. घाईचा पैसा चोरीला जातो आणि वाया जातो, हे मला मान्य आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला मराठवाड्याबाहेर जायला नको. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे घाटीतल्या (तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या) व्हेंटिलेटरचं प्रकरण आलं. आलेल्या १५० यंत्रांपैकी वापरात घेतलेली ११३ सदोष निघाल्याचं न्यायालयापुढे मांडलं गेलं. केंद्राने उलट रुग्णालयाकडेच बोट दाखवलं, की यंत्रं नीट आहेत, चालवणाऱ्यांचं चुकतंय. न्यायालयाला ते रुचलं नाही. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट टोचली. ही यंत्रं पीएम केअर्समधून आली असं सगळे धरून चालले होते. केंद्राने सांगितलं की ती त्या निधीतली नाहीत. माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत असताना यंत्र कुणाच्या पैशातून आलं यावरच वाद! यातून कोऱ्या चेकवाल्यांचा निष्कर्ष असा, की बघा, सभागृहाला बाजूला ठेवलं की हे होतं. बरोबर. पण मी सभागृहाला बाजूला ठेवायला सांगतच नाहीये. ज्या निधीला विधिमंडळाची मंजुरी नाही, महालेखापालांचं लेखापरीक्षण नाही, माहितीचा अधिकार लागत नाही, असे निधी जन्मालाच का येतात? नियमाची वाट वेळेवर उघडत नाही म्हणून. आधी मंजूर झालेला, लेखापरीक्षणाच्या कक्षेतला पैसा तयार असता, तर दानपेटी फिरवण्याचं निमित्तच उरलं नसतं.

आधी पैसा, मागून भांडण, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये झिकाच्या डॉलरांवरून घासाघीस चालू होती नेमक्या त्याच दिवसांत, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. वाहतुकीचं सुमारे चार कोटींचं बिल रेल्वेने पाठवलं ते मे महिन्यात, आणि ते कुणी भरायचं यावर मग यथेच्छ चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण बिल कुणाचं हे ठरेपर्यंत गाडी मिरजेत उभी करून ठेवा, असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्याहून मोठा दाखला १९७२ च्या दुष्काळाचा. त्यातून रोजगार हमी आली, वि. स. पागे यांच्या डोक्यातून. पुढे १९७७ चा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनी लागू झाला. तिच्या ‘काम मागणाऱ्याला काम’ या हक्काचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून जास्त कौतुक तिच्या पैशाच्या व्यवस्थेचं वाटतं. १९७५ मध्ये खास यासाठी व्यवसाय कर बसवला, जमलेल्या रकमेइतकीच भर राज्याने घालायची असं ठरलं, आणि वेगळा निधी झाला. दुष्काळ पडला की मंत्र्याच्या दयेची वाट बघायची नाही. मजूर मस्टरवर उभे राहिले की पैसा सुटायचा. नोकरदाराच्या पगारातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते यातूनच आलेले. मुंबईच्या कारकुनाने जालन्याच्या मजुराचा दुष्काळ आगाऊ सोसायचा, हे आपल्याच सभागृहाने, आपल्याच आमदारांनी ठरवलं होतं. भुकेसाठी जे जमलं ते तापासाठी का जमू नये?

रोजगार हमीची दुसरी बाजूही लपवत नाही. त्या कराचा पैसा पुढे योजनेवर पुरता खर्च होत नाही अशी टीका वर्षानुवर्षं झाली, आणि ती बिनबुडाची नव्हती. राखून ठेवलेल्या पैशावर वित्त विभागाचा डोळा असतोच. म्हणून साथीच्या निधीला अखर्चित राहिला तर पुढच्या वर्षी जाण्याची मुभा हवी, आणि दुसरीकडे वळवायचा असेल तर सभागृहात वेगळं मतदान हवं. मार्चअखेरीला घाईघाईने फॉगिंग मशिनं विकत घेऊन गोदामात लावण्याचा प्रकारही त्याने थांबेल.

खूण कोणती धरायची, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे, आणि जागतिक बँक त्यावर आपटली. २०१७ मध्ये तिने साथींसाठी विम्याची योजना काढली, पैसे आपोआप सुटतील अशी. काँगोमध्ये इबोलाने २,००० हून जास्त माणसं मेली तरी विम्याचा भाग सुटला नाही, कारण अट अशी की शेजारच्या देशातही ठरावीक मृत्यू व्हायला हवेत. करोनात सुटले ते सुमारे १९.६ कोटी डॉलर, एप्रिल २०२० च्या अखेरीस, जग बंद पडून महिना उलटल्यावर. गुंतवणूकदारांना सांभाळायला खूण इतकी कडक केली की खूण पटेपर्यंत माणूस उरेना. यावरून आपोआप सुटणारा पैसा हे खूळ आहे असं अनेकांनी ठरवून टाकलं. मला त्यातून एवढंच दिसतं की एकच मोठी खूण चालत नाही. संशयावर थोडा, खात्रीवर जास्त, असा तो सुटला पाहिजे. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा अचानक वाढले, की जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याच्या सहीवर औषधं, फवारणी आणि नमुन्यांच्या वाहतुकीपुरती रक्कम त्याच दिवशी मोकळी व्हावी. प्रयोगशाळेने विषाणू पक्का केला की जिल्हाधिकाऱ्याच्या सहीवर दुसरा हप्ता. मार्च २०२० मध्ये आमच्याकडच्या घशाच्या नमुन्यांना पुण्याच्या एनआयव्हीपर्यंत (राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत) प्रवास करावा लागे. खात्रीची वाट बघत पहिला हप्ता अडवला, तर मागास भागाला पैसा नेहमीच शेवटी मिळेल, कारण प्रयोगशाळा तिथेच सगळ्यात लांब असते.

संशय खोटा निघाला तर? निघू दे. काही लाखांचं औषध एका तालुक्यात जास्त पडलं, एवढंच होईल. टँकर मंजूर करताना तहसीलदार आणि गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात, तिसऱ्या दिवशी पाऊस पडला म्हणून त्यांना कुणी फासावर देत नाही. हिशेब मात्र सक्तीचा हवा. खरेदीची यादी दरासकट तीस दिवसांत जाहीर, आणि पुढच्या अधिवेशनात लोकलेखा समितीपुढे, जिचं अध्यक्षपद संकेताने विरोधकांकडे असतं. तिथे राजकारण करा, हवं तेवढं करा. पुरवणी मागण्यांवर गोंधळात होकार भरण्यापेक्षा तो विरोधी पक्षाचा जास्त खरा अधिकार आहे.

आमदारांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. साथीच्या दिवसांत पालकमंत्र्याने आढावा बैठक घ्यायची, निधी ‘खेचून’ आणायचा आणि रुग्णवाहिकेवर नाव रंगवायचं, यात जे मिळतं ते कायद्याने आपोआप सुटलेल्या पैशात मिळत नाही. पण सुरुवात करायला कायदाही लागत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याने स्वतः ठरवलेल्या स्थानिक आपत्तींवर खर्च करता येतो. महाराष्ट्राने त्यात अवकाळी पाऊस, वीज पडणं, समुद्राचं उधाण हे आधीच घातलं आहे, आणि ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानायचं २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं. त्याच पद्धतीने साथरोग त्या यादीत येऊ शकतो. आला की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ५०व्या कलमातली तातडीच्या खरेदीची मुभाही त्याच्यासोबत येते, आणि महालेखापालही येतात. मराठवाड्यातून ४६ आमदार निवडून जातात. त्यांच्यापैकी एकाने नागपूरच्या अधिवेशनात एवढाच तारांकित प्रश्न टाकावा, की सततचा पाऊस यादीत बसला, मग साथ का बसत नाही. आणि उत्तर लेखी मागावं.